मुठीचा विसावा



या वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषयाचे नाव विचारले तेव्हा मी "मुठीचा विसावा" असे सांगितले. त्यांनी ते दोनदा विचारून घेतले. कामगार संघटनेचा माणूस मूठ आवळण्याविषयी बोलेल अशी त्यांची अपेक्षा असावी, आणि ती चुकीची नव्हती. उभे आयुष्य मी फाटकासमोर मूठ वर करण्यात घालवले आहे. पण आवळलेली मूठ कधीतरी उघडावी लागते, आणि ती केव्हा उघडायची व किती वेळ उघडी ठेवायची याला एक इतिहास आहे. त्या इतिहासात तालमीतले पहिलवान आहेत, गिरणीतले कामगार आहेत, इटलीतला एक शास्त्रज्ञ आहे आणि आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातला एक ऑलिंपिकवीर आहे. तो इतिहास आज आपल्यापुढे मांडावा असा विचार आहे.

माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे वाचनालयात झाले. म्हणून प्रथम पुस्तकातले न सांगता हातातले सांगतो. मी अठरा-एकोणीस वर्षांचा असताना दिवसा एका गोदामात पोती वाहत असे आणि संध्याकाळी पणदऱ्यात तालमीत जात असे. माझी पकड कच्ची होती. समोरच्याने मनगट झटकले की माझी बोटे सुटत. ती पक्की करायची म्हणून मी चंगच बांधला. रोज ओले गोणपाट पिळायचे, रोज दोरावर चढायचे, रोज नाल उचलायचा. पहिले दहा-बारा दिवस पकड वाढली. पुढे ती वाढेना. महिनाअखेर तर अशी गत झाली की सकाळी पाण्याचा तांब्या धरताना बोटे आखडत आणि जोडीतला पोरसवदा गडीही माझ्या हातून निसटू लागला. मला वाटले, मेहनत कमी पडते. मी ती वाढवली. वस्तादांनी हे पाहिले आणि चार दिवस मला दोराला हात लावू दिला नाही. "बैठका मार, पळ, पण मूठ वळू नकोस," एवढेच ते म्हणाले. मला ती शिक्षा वाटली. पाचव्या दिवशी दोर धरला तेव्हा हात माझा नव्हेच असे वाटावे इतका जोर त्यात आला होता.

असे का झाले हे वस्तादांना शब्दांत सांगता आले नाही, आणि मला ते कळायला पुढे वीस वर्षे लागली.

मुठीची रचना आपण थोडी पाहू. बोटे मिटणारे मोठे स्नायू तळहातात नसतात. ते कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात असतात आणि त्यांच्या लांब दोऱ्या, म्हणजे कंडरा, मनगटातल्या एका अरुंद बोगद्यातून बोटांपर्यंत जातात. मूठ घट्ट धरली की हे स्नायू फुगतात व आपल्याच रक्तवाहिन्या दाबतात. म्हणजे रक्ताची गरज सर्वांत जास्त असते नेमक्या त्याच वेळी त्याचा पुरवठा आखडतो. मूठ सैल झाली की रक्त पुन्हा वाहू लागते. स्नायूजवळ तात्काळ खर्चाची जी शिल्लक असते तिला फॉस्फोक्रिएटिन म्हणतात. तिच्यातला निम्मा खर्च साधारण अर्ध्या मिनिटात भरून निघतो, आणि बहुतेक सगळा भरून यायला तीन ते पाच मिनिटे लागतात. म्हणून पकडीचा जड व्यायाम करणाऱ्याने एका फेरीनंतर दोन-तीन मिनिटे, फारच जड वजन असेल तर त्याहून थोडे अधिक, थांबावे असे आजचे शिक्षक सांगतात. पण ही झाली मिनिटांची गोष्ट. जोरकस मेहनतीने स्नायूंच्या धाग्यांना जी बारीक इजा होते ती दुरुस्त व्हायला एक-दोन दिवस, कधी अधिक, जातात. कंडरांना रक्तपुरवठा कमी, म्हणून त्या आणखी सावकाश सावरतात. जोर वाढतो तो मेहनतीनंतरच्या या दुरुस्तीच्या काळात. मी रोज गोणपाट पिळत होतो, म्हणजे गवंडी गिलावा देत असताना मी रोज भिंत खरवडत होतो.

हे ज्ञान सर्वस्वी नवे आहे असे मात्र नाही. आपल्या वैद्यकाच्या जुन्या ग्रंथांनी, सुश्रुताने आणि वाग्भटाने, व्यायामाला एक मर्यादा घालून दिली आहे. ती आहे अर्धशक्तीची. आपल्या अंगी जितके बळ आहे त्याच्या निम्म्यापर्यंतच व्यायाम करावा. वाग्भटाने तर हिवाळ्यात आणि वसंतात अर्धशक्ती व इतर ऋतूंत त्याहूनही कमी असा भेद केला आहे. पहिल्याने वाचले तेव्हा मला हा सल्ला सुखवस्तू माणसांसाठी असावा असे वाटले. निम्म्या शक्तीवर थांबणे हमालाला कसे परवडणार? परंतु या 'निम्म्या'चा अर्थ पुढे एका इटालियन प्रयोगशाळेत मोजला गेला, आणि तेव्हा माझे मत बदलले.

तुरीन शहरात अँजेलो मोस्सो नावाचे एक शरीरशास्त्रज्ञ होते. जन्म १८४६ चा, घर सुताराचे. श्रमाने हात कसे थकतात हे त्यांना पुस्तकाआधी घरातच दिसले असेल. त्यांनी 'एर्गोग्राफ' नावाचे एक साधे यंत्र बनवले. हात फळीला बांधायचा, मधल्या बोटाला दोरी लावायची, दोरीला वजन. ठरावीक ठेक्यावर बोट वाकवून वजन ओढायचे, आणि प्रत्येक ओढीची उंची फिरत्या नळकांड्यावर रेघेने उमटायची. रेघा हळूहळू आखूड होत जात आणि शेवटी बोट हलेनासे होई. थकवा ही केवळ सांगण्याची गोष्ट न राहता डोळ्यांना दिसू लागली.

मोस्सोंचे सहकारी मॅजिओरा यांनी याच यंत्रावर विसाव्याचा हिशेब केला. तीस वेळा वजन ओढून बोट पुरते थकले तर पूर्वीचा जोर परत येण्यास दोन तास लागत. मग त्यांनी काम निम्मे केले, पंधराच ओढी. कोणीही म्हणेल, आता विसावाही निम्मा, म्हणजे एक तास लागेल. लागला तो अर्धाच तास. काम निम्मे, विसावा एकचतुर्थांश! शेवटच्या पंधरा ओढी पहिल्या पंधरांपेक्षा कितीतरी महाग पडत होत्या. मोस्सोंनी यावरून असा निष्कर्ष काढला की ताज्या स्नायूने केलेल्या जड कामापेक्षा थकलेल्या स्नायूने केलेले हलके काम अधिक अपाय करते. त्यांचा थकव्यावरचा ग्रंथ १८९१ साली प्रसिद्ध झाला. आपल्या वैद्यांची अर्धशक्ती आणि मॅजिओरांच्या पंधरा ओढी एकाच ठिकाणी येऊन थांबतात, हे पाहून मला आनंद झाला. सल्ला सुखवस्तूंचा नव्हता. ज्याला उद्या पुन्हा तेच काम करायचे आहे त्याच्यासाठीच तो होता.

आता आपण त्याच दशकात मुंबईला येऊ. इकडे नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी १८८५ च्या सुमारास आपल्या कोरड्या मुलखात शिरत होते, आणि तिकडे मुंबईत गिरण्यांची धुराडी वाढत होती. गिरणीत दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चाले. १८८१ चा पहिला कारखाना कायदा आला तो मुलांपुरता. सात वर्षांखालच्या मुलाला कामावर घेऊ नये, सात ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला नऊ तासांहून जास्त राबवू नये, त्याला रोज एक तास विसावा आणि महिन्यात चार सुट्ट्या द्याव्यात. मोठ्या माणसाच्या विसाव्याविषयी कायद्यात अक्षर नव्हते. मोठा माणूस थकत नाही, असे बहुधा कायदा करणाऱ्यांना वाटत असावे.

हे मौन मोडले नारायण मेघाजी लोखंडे यांनी. ते जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी, 'दीनबंधू'चे संपादक. सप्टेंबर १८८४ मध्ये परळला त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज कमिशनपुढे ठेवला. अर्जातल्या मागण्या वाचताना आजही नवल वाटते. पहिली मागणी पगारवाढीची नाही. रविवारी सुट्टी हवी, दुपारी अर्धा तास विसावा हवा, सकाळी साडेसहाला काम सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे, पगार वेळेवर मिळावा, इजा झाल्यास मदत मिळावी. सुटलेला धागा दिवसभर सांधणाऱ्या बोटांनी प्रथम मागितला तो वेळ. तुरीनच्या यंत्रातून जे सिद्ध व्हायचे होते ते परळच्या माणसांना आपल्या बोटांवरून आधीच कळले होते.

अर्ज पडून राहिला. सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत महालक्ष्मीला दहा हजार कामगारांची सभा झाली, तीत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षीच्या, म्हणजे १८९१ च्या कायद्यात साप्ताहिक सुट्टी आणि दुपारचा अर्धा तास आला. मोस्सोंचा ग्रंथ आणि हा कायदा दोन्ही एकाच सालचे. परंतु हा योगायोग आहे. कायदा ग्रंथाने आणला नाही. तो साडेपाच हजार सह्यांनी आणि दहा हजार माणसांच्या सभेने आणला. स्वतः लोखंडे १८९७ साली मुंबईच्या प्लेगात गेले. आपण रविवारी दाढी करून निवांत वर्तमानपत्र उघडतो तेव्हा त्यांची आठवण किती जणांना होते?

विसावा मागून घेतला नाही तर काय होते, याचे उदाहरण अमेरिकेतले आहे. १८९९ साली बेथलेहेम येथील पोलादाच्या कारखान्यात फ्रेडरिक टेलर नावाचे अभियंते लोखंडाचे ठोकळे गाडीत भरणाऱ्या मजुरांचा अभ्यास करत होते. एक ठोकळा ९२ पौंडांचा, म्हणजे सुमारे ४२ किलोंचा. मजूर दिवसाला साडेबारा टन भरत. टेलर यांनी लिहून ठेवले आहे की माणसाचे हात दिवसातला शेकडा ४३ भाग वेळच भाराखाली असावेत व उरलेला शेकडा ५७ भाग मोकळे असावेत, असे त्यांना आढळले. त्याप्रमाणे एका निवडक मजुराला घड्याळ धरून उचल म्हटले की उचलायला आणि बस म्हटले की बसायला लावले. त्याने दिवसाला साडेसत्तेचाळीस टन भरले. या हकीकतीतल्या काही तपशिलांविषयी पुढच्या अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत, हेही सांगितले पाहिजे. पण टेलर यांचाच हिशेब खरा धरू. काम जवळजवळ चौपट झाले. मजुरी एक डॉलर पंधरा सेंटांवरून एक डॉलर पंच्याऐंशी सेंटांवर गेली, म्हणजे दीडपटीहून थोडी अधिक. शिवाय आठ मजुरांत एखादाच हे काम पेलू शकतो, असेही त्यांनीच नमूद केले आहे. विसाव्याचे शास्त्र खरे होते, पण ते मालकाच्या घड्याळात होते. त्या विसाव्याने हातात जो जोर परत आला तो मजुराच्या घरी गेला नाही, गाडीत भरला गेला. म्हणून मी माझ्या सभासदांना नेहमी सांगतो की विसावा किती, हे जसे विचारायचे, तसेच तो कोणाच्या हिशेबात धरला जातो, हेही विचारायचे.

याच्या उलट बाजूचे उदाहरण त्याच अमेरिकेत आहे. १९१२ साली जोसेफीन गोल्डमार्क या बाईंनी थकव्यावर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात मोस्सो व मॅजिओरांचे प्रयोग घेतले, आणि कामाचे तास कमी करण्याच्या कायद्यांसाठी त्यांचा आधार दिला. प्रयोग तेच, पण मालकाच्या हातचे शास्त्र कामगाराच्या बाजूने उभे राहू शकते हे त्यांनी दाखवून दिले.

आता तालमीकडे परत येतो, कारण ज्या घटनेसाठी मी हा सारा विषय घेतला ती कुस्तीतली आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला गेले. जाण्याचे पैसे गावकऱ्यांच्या वर्गणीतून आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून उभे केले होते. ५७ किलो गटात कॅनडा आणि मेक्सिकोच्या मल्लांना त्यांनी पाडले. पुढे जपानच्या शोहाची इशी यांच्याशी त्यांची दीर्घ, दमछाक करणारी लढत झाली आणि ती थोडक्यात हातची गेली. मॅटवरून उतरतात न उतरतात तोच त्यांना सोव्हिएत रशियाच्या ममदबेकोव्ह यांच्याशी लढायला बोलावले गेले. दोन लढतींमध्ये निदान अर्ध्या तासाचा विसावा द्यावा असा नियम होता. पण तो नियम दाखवून "थांबा" म्हणायला तिथे भारताचा एकही अधिकारी हजर नव्हता. खाशाबा थकल्या हातांनी उतरले आणि हरले. इशींना सुवर्ण, ममदबेकोव्हांना रौप्य, आणि खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

विसावा मिळाला असता तर ते जिंकलेच असते, असे मी म्हणणार नाही. कुस्तीत असे कोणी म्हणू नये. परंतु मॅजिओरांचे कोष्टक डोळ्यांपुढे ठेवून विचार करा. ज्या बोटांनी इतका वेळ इशींची मनगटे धरली होती त्यांना अर्धा तास हक्काचा होता. नियम कागदावर छापलेला होता. उणीव होती ती एका माणसाची. त्या दिवशी कोणीतरी पुढे होऊन पंचांच्या मेजावर नियमाचे पुस्तक उघडायला हवे होते. युनियन म्हणजे काय, असे मला कोणी तरुण विचारतो तेव्हा मी त्याला कायदे सांगत बसत नाही, ही हकीकत सांगतो. लढणारा माणूस दमलेला असतो. त्याला स्वतःचा विसावा मागण्याइतकेही त्राण नसते. त्याच्या वतीने मागणारा दुसरा कोणी बाजूला उभा असावा लागतो.

आणि आता आपल्या दाराशी. आपण इथे वसंताच्या गार संध्याकाळी बसलो आहोत. हंगामाचा पट्टा पडला आहे आणि ऊसतोडीच्या टोळ्या बीडकडे, अहिल्यानगरकडे परत गेल्या आहेत. दिवाळीपासून ही माणसे आपल्या फडांत होती. त्यांचा हात आपण कधी पाहिला आहे काय? उजव्या मुठीत कोयता, डाव्या मुठीत ऊस. बुडख्याशी घाव, पाचट काढणे, वाढे तोडणे, मोळी बांधणे, ती डोक्यावर घेऊन गाडीत चढवणे. नवरा-बायको मिळून हिशेबात 'एक कोयता' धरतात. माणसांची मोजदाद हत्याराच्या नावाने होते. मजुरी टनावर, म्हणून थांबेल तो गमावेल. मुकादमाची उचल अंगावर असतेच, आणि आजारपणानेही दिवस बुडाला तर खाडा म्हणून उलट पैसे कापले जातात. एका पहाटे अशाच एका टोळीत मी बसलो होतो. एक बाई डाव्या हाताने उजव्या हाताची बोटे एकेक करून सरळ करत होती. मी पाहतो आहे हे बघून ती म्हणाली, "दादा, ही रात्री मिटत्यात ती मिटत्यातच. उघडली म्हणजे मग दिवस सुरू."

तो दिवस माझ्या मनातून जात नाही. कारखान्याच्या फाटकाच्या आत १९४८ च्या कायद्याने आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास, पाच तासांनंतर अर्धा तास विसावा आणि साप्ताहिक सुट्टी आणली. आमच्या आधीच्या पिढ्यांनी त्यासाठी मार खाल्ला. परंतु त्या फाटकाबाहेर, जिथून ऊस येतो त्या फडापर्यंत, लोखंड्यांचा रविवार अजून पोहोचलेला नाही. साखरेचे पोते शंभर किलोंचे होते ते पन्नासचे झाले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ सालीच एका माणसाने उचलायच्या भाराची मर्यादा ५५ किलो असावी अशी शिफारस केली होती. हमालाचे ओझे निम्म्यावर आले, म्हणजे अर्धशक्तीचा नियम एका जागी तरी अमलात आला. कोयत्याचे ओझे मात्र तसेच आहे. माझ्या आयुष्याच्या कामातली ही सर्वांत मोठी उणीव आहे, आणि ती मी आपल्यापासून लपवत नाही. आम्ही आतल्यांसाठी भांडलो, बाहेरच्यांना हंगामी पाहुणे समजलो.

माझी सूचना लहान आहे. पुढच्या हंगामात टोळ्या येतील तेव्हा आठवड्याचा एक दिवस खाडा न धरता, मजुरीसह सुट्टीचा असावा, ही मागणी आपल्या गावांतून निघावी. तोडणारे ती मागतील याची वाट पाहू नये. हेलसिंकीत खाशाबांनी स्वतः नियमाचे पुस्तक काढायला हवे होते, असे आपल्यापैकी कोणी म्हणणार नाही. मग त्या बाईने तरी मागायला हवे होते, असे आपण कसे म्हणू शकतो? ऊस आपला आहे, साखर आपल्या चहात आहे, म्हणून बाजूला उभे राहण्याचे काम आपले आहे.

व्याख्यानास तरुण पहिलवानही आलेले दिसतात. त्यांच्यासाठी शेवटचे. गड्यांनो, पकडीची मेहनत जरूर करा. एका फेरीनंतर दोन-तीन मिनिटे हात सैल सोडा, आणि जड मेहनतीच्या दोन दिवसांमध्ये निदान एक-दोन दिवस मोकळे ठेवा. त्या मोकळ्या दिवशी आपण आळस करतो आहोत असे मनात आणू नका. आणि घरी जाताना वाटेत एखादा दमलेला हात दिसला तर त्यालाही तेवढाच वेळ मिळतो आहे ना, हे विचारत चला.